नव्या ड्रिलचा दोष

नव्या ड्रिलमध्ये काही ना काही दोष सापडलाच पाहिजे, हे मी पेटी उघडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

ड्रिल ताईने पाठवलं होतं. म्हणजे ताईने आणि मास्तरांनी मिळून. पेटी दारात येते न येते तोच फोन. "पोचलं का गं, छोटे? आता तुला कुणाची वाट बघत बसायला नको. वायर नाही, बोर्ड नाही, काही नाही. आणि नाही आवडलं तर आठवड्याच्या आत परत घेतो म्हणालाय दुकानदार. नीट बघून सांग."

"बघते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कुणी एवढी भारीतली वस्तू घरपोच पाठवली तर तोंड वाकडं करू नये, एवढं वळण आहे मला. आणि हो, पन्नाशी उलटली तरी मी छोटीच. ताई साठीची आहे, ती काय मला थोरली म्हणणार आहे?

आता आमच्या जुन्या ड्रिलबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच कुरकुरी बाई वाटेन. ते जुनं म्हणजे एक धूड. त्याचं बटन कधीचं आत रुतून बसलेलं. भिंतीवरचं बटन दाबलं की सुरू होणार आणि ते बंद केल्याशिवाय काही केल्या थांबणार नाही. त्यामुळे माणसं दोन लागत. मी स्टुलावर, ताई बोर्डाशी. मी म्हणायचं, "दे!" की ताई बटन दाबणार. मी ओरडायचं, "पुरे!" की ताई बंद करणार. जरा उशीर झाला की मी खेकसायचे आणि ती म्हणायची, "अगं, माझा हात आहे, वीज नव्हे."

दुरुस्त का नाही केलं? दुरुस्तीवाला म्हणाला होता, बटन मिळेल, टाकून देतो. मीच म्हटलं, राहू दे. पायाशी जोडबोर्ड ठेवून अंगठ्यानेसुद्धा बटन दाबता आलं असतं. कळतं मला, मी काही खुळी नाही. पण जन्मभर एका घरात राहिलेल्या दोघी बहिणी, दोघींचीही लग्नं राहिलेली, संध्याकाळी एकमेकींशी बोलायचं तरी काय? मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे, ती शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायची. घरी आलं की दोघी मुक्या. पण मी लाकूड काढलं, की ताई आपोआप बोर्डाशी येऊन उभी राहायची आणि मग तोंडाला तोंड सुरू व्हायचं. शेल्फ वाकडं आहे, स्टूल लंगडतंय, भुसा कोण काढणार, तुझ्या डोक्यातला कोण काढणार. आमच्या घरातली सगळी बोलणी त्या ड्रिलच्या आजूबाजूला झाली आहेत.

मग ताईचे गुडघे दुखायला लागले. गुडघे दुखले की माणसाचं चालणं थांबतं, आमच्या ताईचं लग्न जमलं. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे शेजारच्या खुर्चीवर मास्तर यायचे, खांदा धरलेला म्हणून. गणिताच्या शिकवण्या घेतात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक दिवस ताई मला म्हणाली, "छोटे, हसू नकोस." मी हसलेच नाही. दोन सह्या झाल्या आणि ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली.

मास्तर माणूस चांगला आहे. चांगला नसता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

जाताना ताई म्हणाली होती, "तुझी भोकं साठवून ठेव. रविवारी येऊन बटन दाबून जाईन." विनोद म्हणून म्हणाली असेल, पण मी ते घट्ट धरून ठेवलं. आठवडाभर कापायचं, घासायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या आणि भोकं सगळी रविवारसाठी. साठली नाहीत तर काढायची. खरं सांगते, त्या वर्षात मी इतकी शेल्फं केली, की त्यावर ठेवायला घरात वस्तू उरल्या नाहीत. आणि ताई दर रविवारी दोन बस बदलून, तीन जिने चढून यायची.

ते नवीन ड्रिल घरात राहिलं, की रविवार गेला. इतकी साधी गोष्ट होती. म्हणून दोष हवा होता.

पेटी उघडली. आत प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खळगा. ड्रिल, दोन बॅटऱ्या, चार्जर, कमरेला अडकवायचा हूक. आमच्या जुन्या पिशवीत हात घातला की काहीतरी टोचल्याशिवाय तो बाहेर येत नसे. म्हटलं, दिखाऊ आहे. पण हा काही दुकानदाराला सांगण्यासारखा दोष नव्हे.

उचललं. जड लागलं, मनात म्हटलं सापडला! पण ते वजन खाली बॅटरीत होतं. मुठीत धरलं की तोल असा, की मनगटाला पत्ताच लागेना. भोक पाडायची बिट बसवायला चावी नाही. जुन्याची चावी सुतळीने वायरीला बांधलेली असायची आणि तरी हरवायची, मग ताई आणि मी पलंगाखाली वाकून शोधायचो. इथे हाताने पिळा दिला की झालं. पुढे दिवा. बटनाला बोट लागलं की नेमका टोकावर उजेड. कपाटाच्या आत काम असलं की ताई एका हातात टॉर्च धरायची आणि तो हमखास माझ्या डोळ्यांवर मारायची. मानेशी आकडे असलेलं एक कडं आहे, त्यावर ठरवून दिलं की स्क्रू तेवढाच आवळला जातो, पुढे मशीन आपणहून कुरकुर करून सोडून देतं. स्क्रू लाकडात पार बुडवायची माझी जुनी खोड. "बास, गिळलं त्याने," असं ताई ओरडायची. आता मशीन सांगतं, तेही न ओरडता.

मेलं कानामागून आलं नि तिखट झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्या आल्या बॅटरीच्या मागे लागले. लवकर संपत असेल. संपली नाही. जाड फळीचा एक तुकडा घेऊन त्याची चाळण केली तरी संपली नाही. संपली तेव्हा दुसरी भरून तयार. मग स्वयंपाकघरातल्या काँक्रीटच्या खांबावर गेले. त्या खांबाने जुन्या ड्रिलला रडवलं होतं, दोन बिटा मोडल्या होत्या. म्हटलं, इथे कळेल बच्चमजींना. बिट टेकवली, बटन दाबलं, धूळ भुरभुरली, बिट हवी तेवढी आत गेली आणि मी बोट उचललं तसं ते जागच्या जागी थांबलं.

आणि मी जोरात ओरडले, "पुरे!"

बोर्डाशी कोण होतं? कुणी नाही. मशीन आधीच थांबलं होतं. मी स्टुलावर तशीच उभी राहिले आणि मला रडू आलं. भलतंच एकटं वाटलं. ताई गेली त्या दिवशीसुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी पुढचा रविवार होता.

मग काय, नाचता येईना अंगण वाकडं. शनिवारी फोन करून ठोकून दिलं, "ताई, मशीन मला काही झेपत नाही. मनगट धरतं. परत देऊन टाक."

ताई म्हणाली, "बरं. उद्या येते, घेऊन जाते."

त्या रात्री मला छान झोप लागली.

रविवारी ती आली. बेल वाजल्यावर मी दार उघडलं तर ती कठड्याला धरून उभी होती. आत येऊन मी केलेल्या स्टुलावर बसली आणि पाणी प्यायली. नवीन पेटी मी दाराशीच ठेवली होती, विसरायला नको म्हणून.

"आलीच आहेस तर तीन भोकं करून घेऊ," मी म्हटलं आणि जुनं धूड बाहेर काढलं. ती उठली, बोर्डाशी गेली. मी स्टुलावर चढले, खुणेवर बिट धरली.

"दे!"

घरघर सुरू झाली. सगळं घर पूर्वीसारखं हादरायला लागलं. मला इतकं बरं वाटलं, की मी वळून तिच्याकडे बघितलं, काहीतरी चिडवावं म्हणून. ताई डोळे मिटून उभी होती. एक पाय जमिनीपासून जरा उचललेला, खांदा भिंतीला टेकलेला. चपलेच्या पट्ट्यांचे वळ सुजलेल्या पावलांवर उमटले होते. एक हात बटनावर तयार होता, मी म्हणताक्षणी बंद करायला. दर रविवारी ती अशीच उभी राहत असणार. मी दर रविवारी भिंतीकडे बघत होते.

"पुरे," मी म्हटलं.

"एवढ्यात?" तिने बटन बंद करून डोळे उघडले.

"ताई, नवीन मशीन उत्तम आहे. मनगट वगैरे काही धरत नाही. मी खोटं बोलले. राहू दे ते मला."

"मग झेपत नाही का म्हणालीस?"

"म्हटलं काहीतरी. तू पुढच्या रविवारी येऊ नकोस. भोकं मी माझी पाडीन."

मला वाटलं होतं, ती रागावेल. निदान "असं कसं गं" म्हणेल. पण तिचा चेहरा एकदम सैल झाला, ओझं खाली ठेवल्यावर होतो तसा. "बरं झालं बाई," म्हणाली आणि स्टुलावर बसून गुडघा चोळायला लागली. ते "बरं झालं" मला फार लागलं. चूक तिची नव्हती, तरी लागलं. चहा पिऊन ती लवकर निघाली. तिन्ही जिने मी तिच्याबरोबर उतरले, ती पुढे आणि मी एक पायरी मागे.

पुढच्या रविवारी मी नव्या ड्रिलने आठवड्याची सगळी भोकं सकाळच्या चहाच्या आत पाडून मोकळी झाले. मग भुसा काढला. मग बसले. फोन उचलला, ठेवला. काय बोलणार? शेजारणीने दार वाजवून विचारलं, "आज आवाज नाही? बरं आहे ना?" म्हटलं, बरं आहे. ती गेली. घड्याळाकडे न बघता मी बराच वेळ काढला. पेटी समोर टेबलावर होती. तिच्याकडे बघता बघता डोक्यात आलं, अगं बये, याला वायर नाही. हे कुठेही जातं.

दोन बस बदलल्या. पेटी मांडीवर. दुसऱ्या बसमध्ये उभं राहावं लागलं तेव्हा कळलं, ताई काय करत होती ते.

दार मास्तरांनी उघडलं. पेटी बघून घाबरले. "काय, बिघडलं का?"

"नाही. सहज आले."

आमच्या घरात जन्मात कुणी कुठे सहज गेलेलं नाही. ताई आतून आली, ओल्या हातांनी, आणि माझ्याकडे नि पेटीकडे बघत राहिली. त्यांचं जेवण होऊन भांडी चालली होती. मास्तरांच्या खुर्चीवर पेपर उघडा होता, शेजारच्या खुर्चीवर ताईचा चष्मा. मी बसले. घर बघितलं. प्रत्येक चित्र सरळ, प्रत्येक शेल्फ पक्कं, पडद्यांच्या दांड्या जागच्या जागी. एका खिळ्याचीसुद्धा गरज नव्हती. मला आपलं उगाच आल्यासारखं झालं.

"बरं, निघते," मी म्हटलं.

"थांब," ताई म्हणाली. तिची नजर भिंतींवरून एकदा फिरली. मग ती दाराच्या मागे गेली. दार उघडं असलं की झाकली जाणारी बोडकी भिंत होती तिथे. "बरं झालं आणलंस. इथे एक भोक हवंच होतं."

"इथे कशाला?" मास्तर म्हणाले. "इथे काय लावणार?"

"तुम्ही गप्प बसा हो."

मी तिच्याकडे बघितलं. वर्षभर घरी मी खोटी शेल्फं काढत होते, तेव्हा मला वाटायचं, हिला काय कळतंय. तिला पहिल्या रविवारपासून सगळं माहीत होतं. आणि तरी ती जिने चढत होती.

मी ड्रिल काढलं, बिट बसवली. वळून बघते तर ताई पलीकडच्या भिंतीवरच्या बोर्डाशी जाऊन उभी.

"अगं, तिथे कशाला? याला बटन नाही लागत."

"असू दे," ती म्हणाली. "तू आपलं म्हण."

"दे," मी म्हटलं.

ताईने बटन दाबलं. त्यांच्या घरातला पंखा सुरू झाला. मी बोट दाबलं. दिवा लागला, जराशी धूळ उडाली आणि बिट आत गेली. बोट उचललं. "पुरे" म्हणायला वेळच मिळाला नाही.

"झालंसुद्धा?" ताई म्हणाली. तिचा हात अजून बोर्डावर होता.

आठवडाभर शोधत होते तो दोष हा. मी बिट काढली, पुसली, खळग्यात ठेवली आणि पेटी बंद करायला लावता येईल तेवढा वेळ लावला.