शिट्टी थांबली तेव्हा

ताईच्या छातीतली शिट्टी हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या पेटीवाल्याच्या कानाला गळक्या नळाइतकी सवयीची झाली होती. हवा पालटली, झाडलोट झाली, जुन्या पेटीचं पोट उघडलं, की ती वाजायचीच. थोरली बहीण त्याच्याच घरी राहायची. पेटीच्या भात्याला कापड-चामडं चिकटवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. साठी उलटलेल्या भावाला ती अजून बाळ्याच म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी दम्याचे दोन पंप दिले होते. तपकिरी रोज, बरं वाटत असलं तरी. निळा धाप लागली तर. ताईने आपला न्याय लावला. "भूक नसताना मी जेवते का? मग धाप नसताना औषध कशाला?" तपकिरी पंप कपाटात गेला. पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं तेवढं कामी आलं. त्यात ती सरसाचे ब्रश उभे करायची. निळा पंप मात्र हातातून सुटत नव्हता. पूर्वी तो महिनोन्‌महिने पुरायचा, आता पंधरा दिवसांत खडखडाट.

त्या दिवशी एक जुनाट पेटी उघडली, तर आत उंदरांनी कुरतडलेलं कापड आणि बोटभर धूळ. दुपारपर्यंत ताई खोकून खोकून बेजार झाली. ताटातलं अन्न तसंच राहिलं.

"दवाखान्यात जाऊ या का, ताई?"

"तू... सूर लाव," ती म्हणाली. "उद्या... न्यायला... येतील."

वाक्याचे असे तुकडे पडलेले त्याने ऐकले. पण रागावली की ती तुटकच बोलायची. त्याने मान खाली घातली.

तिने निळा पंप चारदा तोंडात मारला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. भिंतीपलीकडून शिट्टी येत राहिली. इकडे एक सूर काही केल्या जागेवर येईना. सुराच्या पितळी पातीला कानस लावावी, ऐकावं, तर मध्ये ती शिट्टी.

आणि मग ती थांबली.

त्याला हायसं वाटलं. चाळीस वर्षांचा धडा होता: भाता फुटला की शिट्टी मारतो, ठिगळ नीट बसलं की गप्प होतो. गप्प झाला, म्हणजे काम झालं. औषध लागू पडलं म्हणायचं. त्या शांततेत त्याने सूर अचूक लावला, वर दोनदा वाजवून स्वतःवरच खूश झाला.

भाचीचा फोन आला तेव्हा तो पट्ट्या पुसत होता.

"मामा, आई कशी आहे?"

"झकास! शिट्टी बंद, खोकला बंद. झोपली असेल."

भाचीचा आवाज एकदम बदलला.

"मामा, फोन घेऊन आत जा. आत्ता. तिला काहीही विचार, आणि उत्तर किती शब्दांचं येतं ते मला सांग."

ताई झोपली नव्हती. पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसली होती. खांदे कानांपर्यंत चढले होते. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता. ओठांवर शाई सांडल्यासारखी छटा होती. पापण्या मिटत होत्या.

"ताई, पाणी देऊ?"

तिने एक बोट हलवलं. शब्द एकही नाही.

त्याने तिच्या पाठीला कान लावला. काहीच नाही. भात्याचं तोंडच बंद झालं, वारा खेळेनासा झाला, तर शिट्टी वाजणार कुठून? हेही त्याला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

"तिला आडवी करू नकोस!" भाची ओरडत होती. "बसवूनच ठेव. मी ॲम्ब्युलन्स पाठवते. निळा पंप दे, एकेक फवारा, प्रत्येकानंतर श्वास घेऊ दे. नळकांडं लाव!"

नळकांड्यात ब्रश सरसाने चिकटून बसले होते. त्याने ते फेकून दिलं आणि पंप तसाच तिच्या तोंडात धरला. अर्धा फवारा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला. "आत घे, ताई. आत घे ना गं." तो लहानपणीच्या आवाजात बोलत होता.

दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क बसला, त्यातून वाफ येऊ लागली. तरुण डॉक्टरने छाती तपासली आणि विचारलं, "आवाज कधीपासून बंद आहे?"

पेटीवाल्याने मनात वेळ मोजली. ‘एक सूर लागेपर्यंत’ हे काही उत्तर नव्हतं.

"अर्धा तास," तो म्हणाला. "जास्तही असेल."

डॉक्टरचे हात भराभर चालू लागले.

बऱ्याच वेळाने तिच्या छातीत बारीक शिट्टी उमटली. "आली," डॉक्टर म्हणाला. "हवा जायला लागली. पण सुटलो म्हणू नका. पुन्हा बंद होऊ शकते. त्यांना नजरेआड करायचं नाही."

ताईने डोळे उघडले.

"बाळ्या." श्वास. "दार..." श्वास. "लावलंस?"

घराचं दार सताड उघडं राहिलं होतं.

"लावलं, ताई. तू बोलू नकोस."

तिने डोळे मिटले. तो स्टुलावर पुढे सरकला. तिच्या गळ्याखालचा खड्डा अजून आत ओढला जात होता. एक श्वास. मग दुसरा. तिसऱ्याला जरा उशीर झाला, असं त्याला वाटलं, आणि तो डॉक्टरला बोलवायला उठून उभा राहिला.