न बिघडलेल्या डब्याची दुरुस्ती

मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नाही, मित्रांनो, उगाच झाकण उघडायला येऊ नका. कल्याणच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी राहतो. माझ्या डोक्यावर लाल दिवा आहे आणि पोटाशी काळं बटण. दिवा लागला की बटण दाबायचं. मध्ये किती वेळ गेला, ते मी सेकंदाच्या शंभराव्या भागांत सांगतो. आकडा जितका लहान, तितका हात चपळ. आयुष्यभर हे एकच काम केलं आणि चोख केलं. हवं तर बढाई समजा.

आबा मिस्त्रींनी मला सागाच्या लाकडातून घडवलं. दुकान रेडिओदुरुस्तीचं, पण हातात फार सफाई. मी कॉलेजात आलो तेव्हा त्या वेळच्या सरांनी वसतिगृहातली चाळीस मुलं एकेक करून माझ्यापुढे बसवली. सरासरी चोवीस आली. लगेच माझ्या कपाळावर पत्र्याची पट्टी ठोकली : 'माणसाचा वेग २४'. मुली का नव्हत्या? प्रयोग वसतिगृहाच्या खोलीत होता आणि तिथे मुलींना मनाई होती. एवढं साधं कारण. पट्टी माझ्याच कपाळावर, त्यामुळे मला ती कधी दिसली नाही. ज्यांना दिसली, त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नंतर प्रफुल्ल सर आले. माणूस प्रेमळ, मुलांना स्वतःच्या खिशातून चहा पाजणारा. पण एखाद्या मुलीने बटण सावकाश दाबलं की म्हणायचे, "मुलींचं असंच असतं." मुलाने सावकाश दाबलं की, "बिचाऱ्याची झोप झाली नसेल." आणि मुलीने पटकन दाबलं की माझी रवानगी आबांकडे. अशा सहा खेपा झाल्या. आबा मला उघडायचे, फुंकर मारायचे, बंद करायचे आणि माझ्यासोबत आलेल्या कॉलेजच्या दुरुस्तीच्या वहीत लिहायचे, 'बिघाड नाही. पुसून दिला.' धडधाकट माणसाला कुणी सारखं दवाखान्यात नेलं तर त्याचं डोकं फिरणार नाही का? माझंही फिरायचं.

यंदा दिवा स्टेशनाहून लोकलने येणारी स्वप्ना आली. तिने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पंचवीस मुलींचे वेग मोजले. सरासरी एकवीस.

"मशीन गेलं," सर म्हणाले. "या मुलींचे आकडे काढून टाक आणि पट्टीवरचा चोवीस धरून लिही."

"सर, पण पंचवीस जणींचे आकडे काढले तर माझ्याकडे उरलं काय?"

"अगं, चुकीचे आकडे ठेवलेस तर मी सही कशी करू? शनिवारी प्रकल्प द्यायचाय. हा डबा शुक्रवारी भंगारात जाईल."

झालं. सही नाही तर तिचं वर्ष वाया, आणि मी तर कायमचाच वाया. माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लागली. मित्रांनो, त्या दिवशी मला खरंच रडू आलं असतं, पण माझ्यात तशी सोय नाही.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कांताबाई माझ्यावरची धूळ रोज पुसायच्या. त्यांनी स्वप्नाला दुरुस्तीची वही काढून दिली. स्वप्नाने वाचली आणि दोघी बराच वेळ हसत बसल्या.

शुक्रवारी भंगारवाला दारात उभा असताना कांताबाई म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं मुलांना बसवलंत, स्वतः कधी बसला नाहीत. जाता जाता एकदा दाबा की."

सरांनी बाह्या सरसावल्या, चष्मा पुसला, बोटं कडकड मोडली. मी दिवा लावला. त्यांनी दाबलं. एकोणीस.

सरांचा चेहरा फुलला. "एकोणीस! या वयात. लिहून घे, स्वप्ना."

स्वप्नाने तारीख घालून लिहून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, म्हणजे मशीन बरोबर आहे ना?"

तिने दुरुस्तीची वही पुढे केली. सरांनी सहाही नोंदी वाचल्या. कान लाल झाले.

"तुझं म्हणणं काय, मुली जास्त चपळ असतात?"

"तसं कुठे म्हणते, सर? पंचवीस जणींवरून ते कसं ठरेल? डब्याने दाखवलं तेवढं लिहू द्या, बस्स."

सरांनी चिठ्ठी स्वतःच्या नखाने खरवडून काढली, सही केली आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग कांताबाई स्टुलावर बसल्या. "बावीस वर्षं याला पुसतेय, माझं कुणी मोजलं नाही."

मी दिवा लावला. एकतीस.

सर हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा बघू या का? कदाचित मशीन..."

"नको," कांताबाई म्हणाल्या. "एकतीस तर एकतीस. माझाच आहे तो. लिहा."

आता माझ्या कपाळावर नवी पट्टी आहे : 'वसतिगृहातल्या चाळीस मुलांचा वेग २४'. तिच्याखाली बरीच जागा मोकळी ठेवली आहे. मित्रांनो, या, बटण दाबा, नंतर फडक्याने पुसा. आणि माझं उत्तर आवडलं नाही, तर पेचकस शोधण्याआधी एकदा पट्टी वाचा.