रफूवाल्या काकूंची खिडकी

गॅलरीत भिंतीला टेकून ठेवलेली जुनी लाकडी खिडकी पाहिलीत ना, मित्रांनो? ती मी. आता मला खिडकी म्हणायचं ते केवळ सवयीने, कारण माझ्या एका झडपेवर सध्या पायपुसणी वाळत घालतात. असो. रडगाणं गायला मी तुम्हाला थांबवलेलं नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

माझा जन्म सुतारमामांच्या हातचा. तेव्हा ते कुणाचे मामा नव्हते, नुकतं मिसरूड फुटलेले कारागीर होते, आणि ज्या घरासाठी त्यांनी मला घडवलं ते त्यांच्या जिवलग मित्राचं घर होतं. त्यामुळे त्यांनी हात राखून काम केलं नाही. सागाची चौकट, दोन झडपा, प्रत्येक झडपेला तीन तावदानं आणि पितळी कडी. मला भिंतीत बसवल्यावर त्यांनी एका बोटाने झडप लोटली, तर ती आवाज न करता उघडली. मित्राने त्यांची पाठ थोपटली. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

पुढे त्या मित्राचं लग्न झालं आणि काकू घरात आल्या. काकू रफू करायच्या. कोटाला पडलेलं भोक त्याच कापडाचे धागे काढून असं विणून द्यायच्या, की गिऱ्हाईक स्वतःच्याच कोटात भोक शोधत बसायचं. दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळा धागा नीट दिसत नाही. म्हणून त्यांची खुर्ची माझ्यासमोर असायची आणि त्यांचं सगळं काम माझ्या भरवशावर चालायचं. "ही खिडकी आहे म्हणून माझा धंदा आहे," असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. असं कौतुक रोज ऐकल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? काका गेल्यावर याच रफूवर त्यांनी मुलीला शिकवलं, मोठं केलं.

मग माझं वय दिसू लागलं. चौकटीची खालची बाजू कुजली. एक तावदान फुटलं, तिथे पत्रा ठोकला. उरलेल्या काचा धुरकट झाल्या. पावसाळ्यात तर मी अशी फुगायचे, की झडप उघडायला काकूंना खांदा लावावा लागायचा. मुलगी म्हणाली, आता ही बदलूनच टाकू. सुतारमामांना निरोप गेला.

मामांनी मला बोटांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं की नवी खिडकी करायची, पण हंगाम बघून. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हाच्या मापाने काम केलं तर थंडीत फट पडते. ऐन उन्हाळ्यात वाळकं लाकूड घट्ट बसवलं तर ते पावसात अडकून बसतं. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की थंडी पडायच्या आत तीनेक आठवडे मिळतात, तेच या कामाचे. तेवढ्यात दोन दिवस खोली मोकळी करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता गंमत बघा. नेमके त्याच तीन आठवड्यांत लोक पेट्यांमधून लोकरीचे कपडे बाहेर काढतात आणि कसरीने पाडलेली भोकं बघून कपाळावर हात मारून घेतात. वर्षातलं सगळ्यात जास्त काम काकूंकडे तेव्हाच यायचं. खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, त्यात सुतारकामाचा भुसा कुठे उडवणार? यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी नक्की, असं काकूंनी सांगून टाकलं.

पुढच्या वर्षी तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षी मुलीची नोकरी नवी होती, तिला रजा मिळेना. एकदा तर मामांनी लाकूडही कापून ठेवलं होतं, पण एका नाटक कंपनीने चाळीस जुने कोट आणून टाकले. मामा चिडले आणि चहा न घेताच गेले. अशी सात वर्षं निघून गेली. दर वर्षी थंडी पडली की मी मनातल्या मनात हुश्श करायचे. सुटले बाई एकदाची!

याच वर्षांत काकू एक नवीनच बोलू लागल्या होत्या. म्हणायच्या, हल्ली खोलीत अंधारून येतं. कोपर लागून चहाचा कप पडला, की मेल्या खिडकीने उजेड अडवला. दाराला खांदा आपटला, तरी माझंच नाव. मुलीलाही ते पटायचं, कारण माझ्या काचा धुरकट होत्या हे खरंच होतं. तिने जास्त उजेडाचा दिवा आणला. डोळ्यांचा संशय येणार तरी कसा? समोर धरलेल्या सुईच्या नेढ्यात काकू एका झटक्यात दोरा ओवायच्या.

पण मी बघत होते, मित्रांनो. सकाळी माझ्यातून येणाऱ्या उजेडात फरशीवरची मुंगीसुद्धा दिसायची, आणि त्याच उजेडात शेजारी ठेवलेली कात्री काकू चाचपून शोधायच्या. मी इतकी काही वाईट नाही, हे मला कळत होतं. पण मला त्यांची काळजी वाटली नाही. उगाच माझ्या नावाने खडे फोडतात म्हणून राग आला, बस्स.

आठव्या वर्षी मामांनी विचारलंच नाही. एकदा येता-जाता माप घेऊन ठेवलं होतं, ते नवी खिडकी घेऊनच दारात उभे राहिले. काकूंचा नाइलाज झाला. त्यांनी सगळे कोट आतल्या खोलीत नेले. दुपारपर्यंत मामांनी मला भिंतीतून सोडवलं. मी बरीच कुरकुरले, पण माझं कोण ऐकणार? मला गॅलरीत उभं केलं, तिथून खोली दिसत होती. भिंतीत नुसतं चौकोनी भगदाड राहिलं होतं, ना काच ना झडप. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत उन्हाने डोळे दिपवत होती.

बघायला या, किती उजेड आलाय, अशी मामांनी मोठ्या हौसेने हाक मारली. काकू हातात काळा कोट घेऊन आल्या. भगदाडासमोर उभ्या राहिल्या. कोट वर धरून पाहिला, मग खाली घेतला.

"ढग आलेत का हो, भाऊजी?"

मामांच्या हातातली पटाशी तशीच राहिली. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "लख्ख ऊन पडलंय."

दुसऱ्या दिवशी मुलगी काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने मामांना जे सांगितलं, ते मी ऐकलं. काचबिंदू निघाला होता. त्यात कडेची नजर आधी जाते आणि समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधाचे थेंब घालून जपायची होती. पाच-सहा वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचली असती, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. हे सांगताना मुलगी रडत होती. मामा स्वतःलाच दोष देत होते. पहिल्याच वर्षी हट्टाने खिडकी बसवली असती, तर दोष खिडकीचा नाही हे तेव्हाच कळलं असतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

काकू आता रफू करत नाहीत. सुई हातात असली तर दिसते, खाली ठेवली की सापडत नाही. कोटाचं भोक दिसतं, पण भोवतालचा कोट दिसत नाही.

परवा त्या भिंतीला हात लावत लावत गॅलरीत आल्या. माझ्यापाशी थांबल्या आणि कुजक्या चौकटीवरून हात फिरवला.

"तुला उगाच बोलत राहिले गं मी," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, हे मला सोसवत नाही. सात वर्षं मी भिंतीतली जागा राहिली म्हणून खूश होत होते, तेवढ्या काळात त्यांची नजर जात राहिली, आणि माफी मात्र त्यांनी माझी मागितली. मला शरमेने मान खाली घालता आली असती, तर घातली असती.

म्हणून एवढंच सांगते. घरातलं कुणी हल्ली अंधार वाटतो म्हणालं, तर दिवा बदला, काचा पुसा, खिडकीही बदला. खिडकीला हंगाम लागतो, त्यासाठी थांबलात तरी चालेल. पण त्या माणसाचे डोळे त्याच आठवड्यात तपासून आणा. ते म्हणतील, मला काही झालेलं नाही, खिडकीच मेली जुनी आहे. त्यांचं ऐकू नका.