पाणी पिणारी ड्रायव्हर

आमच्या डेपोत एका ड्रायव्हरला सगळे उंट म्हणायचे. हे नाव चेष्टेने पडलेलं नव्हतं. कौतुकाने पडलेलं होतं आणि तोही ते मिरवायचा. सकाळी घरून कपभर चहा घेऊन निघाला, की दुपारी तीनला गाडी डेपोत लावेपर्यंत त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही. अशी त्याने सत्तावीस वर्षं काढली. त्यातली नऊ वर्षं मी त्याच्या गाडीवर कंडक्टर होतो. खरं सांगायचं तर मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

यामागचं कारण साधं होतं. आमच्या अकरा नंबर बसच्या शेवटच्या थांब्यावर मुतारी नव्हती. पत्र्याची एक केबिन, तिच्यात वेळ लिहून घेणारा टाइमकीपर आणि गाडी वळवायला मोकळी जागा, एवढंच. तीन मिनिटांत गाडी वळवून परत निघायचं. पुरुष मंडळी कोणाची नजर नाही असं पाहून बंद कारखान्याच्या भिंतीआड जाऊन यायची. त्यापेक्षा पाणीच न पिणं बरं, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यावर बोलायचं मात्र कोणीच नाही. अळीमिळी गुपचिळी.

अशात ती आली. चाळिशीची, अंगाने बारीक, बोलणं बेताचं. आधी सहा वर्षं दुधाची गाडी चालवलेली. पहिल्याच दिवशी ती दोन लिटरची बाटली घेऊन आली. बाटलीवर नेलपॉलिशने रेघा मारलेल्या. दवाखान्याच्या थांब्यापर्यंत पहिली रेघ उतरली पाहिजे, शाळेच्या थांब्यापर्यंत दुसरी, असा तिचा हिशोब. पाणी प्यायचं ते गाडी उभी असतानाच, सिग्नलला किंवा थांब्यावर. डेपोत हसायला विषयच मिळाला. दुपारपर्यंत तिचं नाव बाटली पडलं.

उंट तिला म्हणाला, "एवढं ओझं वाहतेस कशाला? गाडीत नळच बसवून घे."

"घेतला असता," ती म्हणाली, "पण तुम्ही सगळे हंडे घेऊन रांगेत उभे राहिला असता."

सगळे हसले, उंटसुद्धा हसला. पण मला कोडं पडलं, की ही बाई एवढं पाणी पिते आणि जाते कुठे? त्याचा उलगडा महिनाभराने टाइमकीपरकडून झाला. कामावर रुजू होण्याआधी ती एकटी शेवटच्या थांब्यावर आली होती आणि आसपासच्या घरांची दारं तिने एकेक करून वाजवली होती. "मी इथे बस घेऊन येणार आहे, दिवसातून तीनदा मला तुमचं बाथरूम लागेल, चालेल का?" असं सरळ विचारायची. पाच घरांनी नाही म्हटलं. एकाने तर बोलणं पुरं व्हायच्या आत दार लावलं. सहाव्या घरी निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. त्या म्हणाल्या, मागचं दार उघडं असतं, येत जा. थांब्यापासून ते दार चाळीस पावलांवर होतं. सत्तावीस वर्षं ते घर आमच्या डोळ्यांसमोर होतं. पण विचारायचं धाडस कोणालाच झालं नव्हतं.

त्याच सुमारास तिने साहेबांना एक अर्ज केला, की शेवटच्या थांब्यावर सगळ्यांसाठी सोय करा. सह्यांसाठी कागद घेऊन ती आमच्यात फिरली. आम्ही हसून हात झटकले. मीही झटकले, ते लपवत नाही. अर्ज तिच्या एकटीच्या सहीने गेला आणि साहेबांनी "एका व्यक्तीच्या सोयीसाठी शक्य नाही" असं उत्तर दिलं. तिने काही तक्रार केली नाही. दोन महिन्यांनी दुसरा अर्ज दिला, एवढंच.

मग उन्हाळा आला. आमच्या जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशीच असतं. बाहेर ऊन आणि आत इंजिनाची धग. त्या दिवशी साडेबाराची फेरी होती. मी थांब्यासाठी एक घंटा दिली, पण गाडी थांबली नाही. पुन्हा दिली, तरी नाही. लोक ओरडायला लागले तसा मी पुढे गेलो. उंटाचा चेहरा लालभडक झाला होता आणि अंगावर घामाचं टिपूस नव्हतं. ओठ पांढरे पडले होते.

"समोर रस्ता एकच आहे ना?" त्याने मला विचारलं. "मला दोन दिसताहेत."

गाडीत पन्नासेक माणसं होती. पण त्याचा हात इतक्या वर्षांचा होता. त्याने वेग कमी केला, गाडी हळूहळू कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मगच स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्या माणसाबद्दल मी पुढे काहीही सांगितलं, तरी एवढं लक्षात ठेवा.

समोरून तिची गाडी येत होती. आमची बस तिरकी उभी पाहून तिने आपली थांबवली, प्रवाशांना दोन शब्द सांगितले आणि बाटली घेऊन रस्ता ओलांडून आली. आम्ही दोघांनी त्याला धरून झाडाच्या सावलीत आडवं केलं. तिने त्याच्या शर्टाची बटणं काढली, रुमाल भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, आणि एका प्रवाशाला ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. उंट शुद्धीवर होता. बाटली हिसकावून घटाघटा प्यायला बघत होता. तिने हात धरून ठेवला.

"घोट घोट घ्या, दादा. पाणी कुठे पळून जात नाही."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती हलली नाही. तिची गाडी अठरा मिनिटं उशिरा पोचली आणि त्याबद्दल तिला लेखी खुलासा मागितला गेला. तिने एका ओळीत दिला: चालक आजारी होता, त्याला पाणी पाजत होते.

उंटाला दोन दिवस सलाईन लावलं. मूत्रपिंडात दोन खडे निघाले. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर त्याच्या बायकोला विचारत होते, हे दिवसभरात किती पाणी पितात? ती काही बोलायच्या आत उंटानेच मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. बायको म्हणाली, घसा कोरडा करून मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले. यावर डॉक्टरांनाही हसू आलं.

सहा आठवड्यांनी तो कामावर परतला. सकाळी सगळे डेपोच्या नळापाशी उभे असताना तो थेट तिच्याकडे गेला. आतापर्यंत तो तिला अगंतुगं करायचा.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही हे कसं जमवता, ते मला शिकवा."

त्याने कोणाकडून काही शिकायला मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तीही जरा गोंधळली. मग म्हणाली, "आधी जायची जागा ठरवा, दादा. पाण्याचं नंतर. जागा नसेल तर माणूस बाटली नुसती बाळगतो, पीत नाही."

त्याच दिवशी तिने त्याला मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी नेलं. बाई नाही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, या रस्त्यावर तुम्ही एकूण किती जण आहात? ड्रायव्हर-कंडक्टर धरून अडुसष्ट, उंट म्हणाला. बाई म्हणाल्या, मग माझं घर पुरायचं नाही, साहेबांकडे जा. तेव्हा तिच्या दोन अर्जांची गोष्ट निघाली. उंट अर्ज विसरला नव्हता. सही नाकारणाऱ्यांत तो पहिला होता.

तो साहेबांकडे गेला तेव्हा तिला आणि मला बरोबर घेऊन गेला. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही त्याने. चक्कर, खडे, दोन दोन दिसणारा रस्ता, सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, वेळापत्रकात शेवटच्या थांब्याला तीनच मिनिटं आहेत.

"तीन मिनिटांत गाडी वळते, साहेब," उंट म्हणाला. "आत माणूस पण असतो."

साहेबांनी कागद मागितला. तिसऱ्या अर्जावर अडुसष्ट सह्या झाल्या. सगळ्यांत वर कोणाची, यावर थोडी ओढाताण झाली. उंटाने पेन तिच्या हातात दिलं आणि ती सही करेपर्यंत तिथून हलला नाही. तिच्याखाली त्याने केली. माझी तिसरी.

पुढे चार महिने लागले. दोन स्वच्छतागृहं आली, एक नळ आला, आणि तीनची आठ मिनिटं झाली. एका दाराची कडी पहिल्याच आठवड्यात निखळली, ती टाइमकीपरने स्वतः बसवली. उंट दोन वर्षांनी निवृत्त झाला, खडे पुन्हा झाले नाहीत.

स्वच्छतागृहं होईपर्यंत अकरा नंबर कोणत्याही बाईने मागून घेतला नव्हता. त्या वर्षी बदलीसाठी दोघी ड्रायव्हरनी अर्ज केले. रस्ता दाखवायला पहिले आठ दिवस त्यांच्या गाडीवर कोण बसणार, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा ती काही बोलायच्या आत आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं.