भरल्या पेटीची धास्ती

अहो, इकडे वर बघा, मोठ्या बाईंच्या खुर्चीमागे. मी शाळेची प्रथमोपचाराची पेटी बोलतेय. पत्र्याची, पांढरी, झाकणावर लाल फुली. काळजी करणं माझ्या रक्तातच आहे, पण हल्ली जिवाला नुसता घोर लागलाय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या बहिणी कुणी गिरणीत गेल्या, कुणी बसमध्ये. माझ्या नशिबी शाळा आली. आणि काय सांगू, मधल्या सुट्टीत माझ्यापुढे ही झुंबड! कुणाचं कोपर सोललंय, कुणाचा गुडघा फुटलाय. शिपाईमामा कापूस काढता काढता करवादायचे, "पुन्हा आलीस? तुला इथेच राहायला खोली देऊ का?"

हे भिंगरीला. तिचं खरं नाव घरी असेल, शाळेत ती भिंगरीच. औषध झोंबलं की डोळे घट्ट मिटायची. "झालं का, मामा? माझ्यावर राज्य आहे!" म्हणायची आणि पट्टी नीट चिकटायच्या आत पसार व्हायची.

मग एक मुलगा मैदानातल्या लोखंडी शिडीवरून पडला. हात मोडला. त्याचे वडील इथे येऊन टेबल बडवत होते आणि मोठ्या बाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. त्या वाईट नाहीत हो, घाबरल्या. दुसऱ्याच दिवशी मैदानाच्या दाराला कुलूप लागलं. मधली सुट्टी वर्गातच. डबा खा आणि बाकावर गप्प बसा.

पालकसभेत बाईंनी मला खाली उतरवलं आणि झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. "बघा, अख्ख्या सत्रात एक पट्टी वापरावी लागली नाही!" टाळ्या पडल्या. मला मात्र धडकी भरली. अहो, भिंगरी येतच होती की! डोकं दुखतंय, पोट दुखतंय, मळमळतंय. त्यावर माझ्याकडे काय असणार, कपाळ? मामा तिला पाणी द्यायचे. ती नखं खात खिडकीतून मैदानाकडे बघत बसायची.

परवा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडली. एवढीशी पायरी! पण हात पुढे आलेच नाहीत, थेट हनुवटीवर आपटली. मला उघडलं तर औषध सुकून गेलेलं, पट्ट्या चिकटायला तयार नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेळाचे सर जखमेवर रुमाल दाबून धरत म्हणाले, "पडताना हात टेकायचे, हेसुद्धा विसरली पोरगी."

तिची आई धावत आली. आता ही टेबल बडवणार, असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "बाई, पूर्वी मी हिला रोज ओरडायचे, गुडघे फोडून आलीस म्हणून. आता घरी येते ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मैदान उघडा हो."

"आणि उद्या कुणाचा हात मोडला तर? जाब मलाच विचारतील."

"मी येईन ना तुमच्या बाजूने बोलायला."

मोठ्या बाईंनी खण उघडून मैदानाची किल्ली बाहेर काढली. मग त्यांनी ती मामांच्या हातात दिली.

आज मधल्या सुट्टीत दार उघडलंय. माझ्यात नवा कापूस, नव्या पट्ट्या, सगळी तयारी आहे. मी कान टवकारून आहे, पण गलका कुठाय? खिडकीतून बघते तर मुलं पायऱ्यांवर ओळीत उभी, हाताची घडी घालून. सगळ्यांच्या पुढे भिंगरी, हनुवटीला टाके. समोर एवढं मोठं मैदान पसरलंय आणि ती मान वळवून विचारतेय, "बाई, पळू का?"

मागे उभ्या मोठ्या बाईंची नजर त्या लोखंडी शिडीवरच खिळलीय. अहो बाई, हो म्हणा ना! लवकर म्हणा, सुट्टी संपत आलीय.