मिलोनेगचा हंडा

रशियातल्या जुन्या नोव्हगोरोड शहरात प्रजा हीच मालक. इथे राजपुत्र बाहेरून बोलावून आणतात, आणि नाही आवडला तर "महाराज, रस्ता मोकळा आहे" असं तोंडावर सांगून वाटेला लावतात. एवढी मानी जनता पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल. या मानी जनतेपैकी मिलोनेग मासेवाला त्या सकाळी बायकोची बोलणी खात चुलीशी बसला होता.

"अहो, सभेची घंटा वाजतेय!" नेझ्का कडाडली. "आज राजपुत्राला हाकलणार. आणि मेजवानीला उसना नेलेला माझा तांब्याचा हंडा अजून त्याच्या मुदपाकखान्यात! काल गेला होतात ना आणायला?"

"गेलो होतो गं. आचारी म्हणाला, बांधाबांध चाललीय, कुठलं भांडं कुणाचं हे कोण बघत बसतंय?"

"म्हणजे गेला हंडा! रविवारी पोरीचं लग्न. वऱ्हाडाची बिअर कशात उकळू, तुमच्या टोपीत? व्याही घसा कोरडा ठेवून बसणाऱ्यातले नाहीत, मुलाला घेऊन उठून जातील!"

मिलोनेग पडल्या चेहऱ्याने चौकात गेला. तिथे हात मोजायची पद्धत नव्हती. ज्या बाजूचा आरडाओरडा मोठा, तिचं खरं. आणि मिलोनेगने "ताजा मासा" अशी हाळी दिली की व्होल्खोव्ह नदीपलीकडची कुत्री भुंकत. गल्लीचा पुढारी राडको त्याला पाहून खूश झाला.

"ये, ये! हा राजपुत्र ग्रेमिस्लाव शिकारीला जातो काय, आमची शेतं तुडवतो काय! घाल साद, हाकला म्हणून."

गर्दीने "हाकला!" म्हणून गलका केला. मिलोनेगने छाती भरून श्वास घेतला. डोळ्यांपुढे कोरड्या घशाचे व्याही उभे राहिले.

"राहू द्या ऽ ऽ!"

कबुतरं उडाली. एक म्हातारी मटकन खाली बसली. राजपुत्राच्या बाजूचे मूठभर लोक आधी दचकले, मग त्याच्या सुरात सूर मिसळू लागले. "हाकला" त्या आवाजाखाली पार बुडालं. राजपुत्र राहिला.

"घरभेद्या! किती खाल्लेस रे त्याच्याकडून?" राडको ओरडला.

"खाल्लं कुठे? माझंच भांडं तिकडे अडकलंय!"

पण घरी परतताना पुलावर गल्लीकरांनी आपल्या रीतीप्रमाणे त्याला उचलून नदीत टाकलंच.

राजपुत्राच्या माणसांनी त्याला गळाने ओढून काढलं आणि निथळत वाड्याच्या अंगणात उभं केलं. नेझ्काही धावत आली. ग्रेमिस्लावाचे डोळे भरून आले होते.

"मिलोनेगा, माझ्यावर एवढा जीव! सगळ्या शहराविरुद्ध एकटा उभा राहिलास! माग, काय हवं ते माग. जमीन? बीव्हरच्या कातड्याचा कोट? माझ्या शेजारी बसायचा मान?"

मिलोनेगला हुडहुडी भरली होती. कोपऱ्यात मोठी चूल पेटली होती. तिच्यावर विजयाच्या मेजवानीचं कोबीचं सूप रटरटत होतं, त्याच्या हंड्यात. आचारी डाव घालून तळ खरवडत होता; वास करपल्याचा येत होता. नेझ्काने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"महाराज," मिलोनेग दात वाजवत म्हणाला, "सूप संपलं की हंडा तेवढा घासून द्याल का?"