बाहेरच्या बिजागऱ्या

आकाराम पलटणीतून सुटून वडूजकडं परतला तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता आणि जो तो विहीर खोल करायला निघाला होता. जन्मभर सुरुंग हाताळलेल्या या माणसाला विहिरी फोडणाऱ्या आप्पासो ठेकेदारानं लगेच कामावर घेतलं. आप्पासोंची दारूकोठी गावाबाहेर माळावर होती. आत जिलेटीनच्या कांड्या, अन् लोखंडी दाराला मुठीएवढं कुलूप.

"आवं आप्पासो, बिजागऱ्या भायेर हायत," आकारामनं पुन्हापुन्हा सांगितलं. "खिळी काढल्या की कुलपाला कोन इचारतंय? कुनाचा तरी जीव जाईल."

"पलटनीतली अक्कल पलटनीतच ठिवायची हुतीस," आप्पासो म्हणाले.

आता शहाण्या माणसानं तालुक्याला तक्रार केली असती. पण आकारामचं डोकं फिरलं. खंडेनवमीला पहारी, घण, छिन्न्या धुऊन कोठीपुढं पूजेला मांडल्या होत्या. गाव जमलं होतं. आप्पासो किल्ली काढायला लागले, तसा आकारामनं छिन्नी-हातोडी उचलली. खालून ठोकून दोन्ही खिळी काढल्या. दार उलट्या बाजूनं उघडलं, कुलूप जागच्या जागी. आत जाऊन त्यानं नारळ ठेवला. लोकांनी टाळ्या पिटल्या, आकारामच्या शेजारी राहणाऱ्या गुंडा नावाच्या गड्यानं तर शिट्टीच मारली. त्या वेळी आकारामला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा!

आप्पासोंचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी आकारामला तिथल्या तिथं कामावरून काढलं आणि दाराला आणखी एक कुलूप लावलं. बिजागऱ्यांना हातही लावला नाही.

दिवाळीच्या तोंडावर गुंडा येरळा नदीच्या डोहात मासे मारायला गेला. कांडी हातातच उडाली. कोठीची दोन्ही कुलपं शाबूत होती. "ही इद्या आकारामची," आप्पासो फौजदाराला म्हणाले. फौजदारानं आकारामला दिवसभर चावडीत बसवून ठेवलं आणि मग सोडून दिलं.

तो तसाच गुंडाच्या घरी गेला. गुंडाची बायको धोंडुबाई शिव्या देईल, तर खाली मान घालून ऐकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण नवरा गेलेली ती बाई अगदी सावकाश बोलली.

"भावजी, तुमचं लय कौतिक हुतं त्यास्नी. नवमीला घरी आल्या आल्या मला आमच्या दाराची खिळ काढून दावली. म्हनलं, बसवा की परत. तर म्हनं, आकारामच बसवील."

दार एकाच बिजागरीवर लोंबत होतं. धोंडुबाईनं कोनाड्यातली खिळ त्याच्या हातात दिली. त्यानं दार खांद्यावर तोलून धरलं, खिळ भोकात बसवली आणि ती पुन्हा कुणाला काढता येऊ नये म्हणून तिचं खालचं टोक दगडानं ठोकून वाकवलं.